लकव्याला रविवार कळत नाही : अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणारे विधिमंडळाचे सर्व सदस्य, आणि विदर्भाच्या आरोग्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात भरेल, असं १९५३च्या नागपूर करारात ठरलं. विदर्भाचं म्हणणं सरकारने विदर्भात येऊन ऐकावं, हा त्यामागचा हेतू. त्याच भरवशावर हे पत्र लिहिते आहे. विषय लकव्याचा आहे. पुस्तकात त्याला पक्षाघात म्हणतात, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात, आमच्याकडे सगळे लकवाच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरणार आहे.

मी नंदनवन भागात राहते आणि एका अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवते. माझे यजमान काटोल-नरखेडकडची संत्री कळमन्याच्या बाजारात आणायचे. दोन छोटे टेम्पो होते, त्यातला एक ते स्वतः चालवायचे. मागच्या हिवाळ्यात आंबिया बहाराची धावपळ ऐन भरात होती. रविवारची सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण पोहे भिजवून मी नुकतंच घड्याळाकडे पाहिलं होतं. मोरीपाशी त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. तो उचलायला ते वाकले आणि उजवीकडे कलंडले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काय झालं म्हणून विचारलं, तर शब्द एकमेकांत अडकून बाहेर आले. वय ५१.

त्यांना कुठेही दुखत नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण घात तिथेच होतो. छातीत कळ आली असती तर आम्ही होतो तसे धावत सुटलो असतो. लकव्यात बहुतेकदा दुखत नाही, म्हणून घरचे थांबतात, पाणी पाजतात, तळपाय चोळतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वारं गेलं असंल जी अंगावरून, उन्हात बसवा थोडं." काकूंवर माझा राग नाही. त्यांना जे कळायला हवं होतं ते मलाही कळत नव्हतं, आणि मी तर बी.एड. झालेली बाई.

पावणेआठला गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब २०० आणि १२०. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि तासभर झोपू द्या म्हणाले. अशा वेळी रक्तदाब झटकन उतरवला, तर आधीच उपाशी पडलेल्या मेंदूला मिळणारं थोडंथोडकं रक्तही कमी होतं, हे मला खूप नंतर समजलं. नऊपर्यंत उजवा हात पूर्ण लुळा पडला. शेजाऱ्यांच्या गाडीतून जवळच्याच एका रुग्णालयात नेलं, बाहेर 'चोवीस तास इमर्जन्सी' अशी मोठी पाटी होती. डिपॉझिट भरलं, सलाईन लागलं. सीटी स्कॅनसाठी थांबा म्हणाले, रविवार आहे, तंत्रज्ञ येतोय. साडेअकरानंतर सांगितलं की मशीनच बंद आहे, दुसरीकडे न्या. मुलाने दहा ठिकाणी फोन लावले. तिसऱ्या ठिकाणी पोचून स्कॅन झाला तेव्हा दुपारचे एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला विचारलं, "ताई, सुरुवात नक्की कधी झाली?" मी सात दहा म्हटलं. ते क्षणभर गप्प राहिले. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे आमची मुदत अकरा चाळीसला संपली होती. अकरा चाळीसला आम्ही त्या सीटी बंद असलेल्या रुग्णालयाच्या बाकावर डिपॉझिटची पावती हातात धरून बसलो होतो.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असं मी पुढे वाचलं. सात दहापासून एक पन्नासपर्यंत ४०० मिनिटं होतात. १९ लाख गुणिले ४००, ७६ कोटी. हा गुणाकार मी एकदाच केला आणि वहीचं ते पान फाडून टाकलं.

मग एक दिवस कळलं की त्याच रविवारी सकाळी, आमच्या घरापासून पाचेक किलोमीटरवर, सीटी चालू होतं, इंजेक्शन होतं, ते देणारे डॉक्टर ड्युटीवर होते. लोकहो, नागपुरात इलाज नव्हता असं नाही. इलाजापर्यंत पोचायची वाट आम्हाला कुणी दाखवली नाही. हे पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे.

ही एका घराची गोष्ट आहे, असं कृपा करून समजू नका. जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने लकवा झाला. त्या वर्षी जवळपास ७३ लाख माणसं लकव्याने गेली. ९ कोटी ३८ लाख माणसं लकव्यानंतरचं आयुष्य जगत होती. अकाली मृत्यूने हिरावलेली आणि अपंगत्वात काढलेली वर्षं एकत्र मोजली तर एका वर्षातला तोटा १६ कोटी वर्षांचा भरतो. १९९० पासून नव्या रुग्णांची वार्षिक संख्या ७० टक्क्यांनी वाढली आणि मृत्यूंतले ८५ टक्क्यांहून अधिक श्रीमंत देशांच्या बाहेर झाले, म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरात. पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी लकव्याला तोंड द्यावं लागेल, असा अंदाज आहे. माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीत आम्ही सोळा जण बसतो. मी आता तिथे बसले की नकळत मोजते.

आणि हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे असं कुणाला वाटत असेल, तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा, साधारण सात मृत्यूंमागे एक. ते मृत्यू बहुतेक घरीच झाले. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच विभागातल्या, धान लावणाऱ्या आणि मोहफुलं वेचणाऱ्या माणसांची ही आकडेवारी सभागृहात किती वेळा वाचली गेली, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार वाट न दाखवण्याची. लकव्याचा रुग्ण नेमका कुठे न्यायचा, याची यादी मला आजवर ना बसथांब्यावर दिसली, ना रेशन दुकानात, ना दवाखान्याच्या भिंतीवर. जवळचं रुग्णालय आणि योग्य रुग्णालय यांत लकव्यापुरता जमीन-अस्मानाचा फरक असतो. लकवा दोन तऱ्हेचा असतो, गुठळीने वाहिनी बंद होते किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गुठळीचं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर माणूस दगावू शकतो. म्हणून आधी सीटी, मग औषध. जिथे सीटी नाही तिथे नेलेला रुग्ण म्हणजे नुसती घालवलेली वेळ. हे साधं गणित आहे, आणि तरी एखाद्या रुग्णालयाने सीटी बंद असताना रुग्ण दाखल करून घेतला, तर त्याला जाब विचारणारं कुणी आम्हाला भेटलं नाही. हार्ट अटॅकसाठी राज्याने स्टेमी प्रकल्प उभा केला, ईसीजी दूरवर पाठवून निदान व्हायला लागलं. चांगलं झालं. मेंदूच्या वाट्याला तेवढी तातडी का आली नाही?

दुसरी गोष्ट, पैशाची. इंजेक्शन महाग आहे. वाहिनीत तार घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचार २०१५ पासून जगभर सिद्ध झाला आहे, निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो, पण त्याचा खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतचं कवच कागदावर माझ्याही कुटुंबाला आहे. पण सकाळी सातला ब्रश गळून पडतो तेव्हा कार्ड शोधायचं, रुग्णालयातला योजनेचा मदतनीस म्हणजे आरोग्यमित्र शोधायचा, मंजुरीची वाट बघायची, एवढा अवधी हा आजार देत नाही. पंधरा दिवसांत आमचे साडेतीन लाख गेले. एक टेम्पो विकला, दुसराही उन्हाळ्यात विकला, कारण चालवणारं कुणी उरलं नव्हतं.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिच्यात आमचीही चूक आहे. यजमानांचा रक्तदाब तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात वाढलेला निघाला होता. दोन महिने गोळ्या घेतल्या. मग बरं वाटतंय म्हणून सोडल्या. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच वाटत नाही, हे त्यांना कुणी बसवून समजावलं नाही, आणि गोळ्या न्यायला का आला नाहीत म्हणून कुणाचा फोन आला नाही. मीही विचारलं नाही. लकव्याच्या एकूण भारापैकी सुमारे ८४ टक्के भार टाळता येण्याजोग्या कारणांचा आहे, आणि त्यांत रक्तदाब सगळ्यांत वर आहे. शिबिरं खूप होतात. शिबिरात हार होतात, फोटो होतात, मशीनवर आकडा येतो, आणि त्या आकड्याचा पुढे वाली कुणी नसतो. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आमचे शेजारी वर्धा आणि भंडारा होते. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, ठरलेली औषधं, महिन्याच्या गोळ्या, न आलेल्याचा पाठपुरावा, अशी ती पद्धत आहे. तासाभराच्या अंतरावर जे जमतं ते आमच्या वस्तीत का नको?

तंबाखूचंही याच ओघात सांगते. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, आमच्याकडे चहासारखा चालतो. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी शाळेच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पन्नीत खर्रा घोटला जातो आणि माझ्या सातवीतली पोरं वडिलांसाठी तो आणायला जातात. हवेचं तेच. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेबद्दल बोललं की आम्हाला फुप्फुसं आठवतात. दूषित हवा हे लकव्याचंही मोठं कारण आहे, हे आता जगाने मान्य केलं आहे.

चौथी गोष्ट मुलांची आहे. लकवा म्हाताऱ्यांना होतो, असं मानणाऱ्यांना विदर्भातला सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, माहीत नसावा. या आजारात लहान मुलांनाही लकवा होऊ शकतो. मेंदूच्या वाहिन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणी वर्षातून एकदा केली, तर कुठलं मूल धोक्यात आहे ते आधी कळतं, आणि रक्त देऊन किंवा हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने धोका पुष्कळ कमी करता येतो. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. माझ्या वर्गात सिकलसेलची दोन मुलं आहेत. दोघांकडे कार्ड आहे. डॉप्लर हा शब्द दोघांच्याही आयांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला.

शेवटची तक्रार घरी आणल्यानंतरची. रुग्णालयातून सुटी झाली की सरकारदरबारी रुग्ण संपतो. आमच्या घरी तो तिथून सुरू झाला. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्यायामाने सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि नेमक्या त्याच काळात घरात पैसा नसतो. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट एका फेरीचे ४०० रुपये घेतात, त्यांचंही पोट आहे. सरकारी ओपीडीत उपचार स्वस्त, पण तिथे न्यायला ऑटो, उचलायला दोन माणसं आणि माझी बिनपगारी रजा. यांची वाचा गेली आहे. ऐकलेलं कळतं, म्हणायचं असतं, शब्द सापडत नाही. मराठीतून वाचा-उपचार करणारं माणूस शोधायला मला पाच महिने लागले. कुणी गावठी औषध सुचवलं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. लोक तिकडे का वळतात, ते मला आता समजतं. तिथे निदान कुणीतरी भेटतं.

हे सगळं अशक्य आहे, असं उत्तर कृपया देऊ नका. हिमाचल प्रदेश डोंगराळ आहे, तिथे जिल्हा रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ नव्हते. त्यांनी शिमला आणि टांडा इथल्या तज्ज्ञांना जिल्ह्यातल्या डॉक्टरांशी मोबाइलवर जोडलं, स्कॅनचे फोटो पाठवले आणि गुठळीचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात फुकट दिलं. केरळने 'शिरस' नावाने जिल्हा रुग्णालयांत लकव्याचे कक्ष उघडले. नागपुरात 'मेडिकल' आणि 'मेयो' ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, सुपर स्पेशालिटी आहे, मिहानमध्ये एम्स आहे. बालाघाट-छिंदवाड्यापासूनचे लोक या शहराच्या भरवशावर येतात. आणि गडचिरोलीतल्या भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला नागपूर गाठेपर्यंत साडेचार तास केव्हाच संपलेले असतात, म्हणून इंजेक्शन त्याच्याकडे जायला हवं.

माझ्या मागण्या अशा :

लकव्यावर चोवीस तास उपचार होऊ शकणाऱ्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांची यादी जाहीर करा, आणि सीटी चालू आहे की नाही याची खात्री दर पाळीला करून घ्या. १०८च्या गाडीने लकव्याचा रुग्ण या यादीतल्याच रुग्णालयात न्यावा आणि निघतानाच तिथे कळवावं.

ज्या रुग्णालयात सोय नाही त्याने ते दारातच, पैसे घेण्याआधी सांगावं. हे कायद्याने बंधनकारक करा. ही एक मागणी मान्य झाली तरी कितीतरी हात-पाय वाचतील.

विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, गडचिरोलीपासून सुरुवात करून, गुठळीचं इंजेक्शन मोफत आणि दूरसल्ल्याची जोडणी द्या. योजनेची मंजुरी उपचारानंतर घेता येईल असा नियम करा.

तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासाच, पण गोळ्या सोडणाऱ्याला फोन करणारं माणूसही नेमा. नागरी आरोग्य केंद्रं आणि आपला दवाखाना संध्याकाळी कामकऱ्यांसाठी उघडे असावेत, एका वेळी महिन्याच्या गोळ्या मिळाव्यात.

नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. सिकलसेलच्या प्रत्येक मुलाची वार्षिक डॉप्लर तपासणी करा.

आणि दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करा : किती रुग्ण आले, किती वेळेत आले, दारात आल्यापासून इंजेक्शन टोचेपर्यंत किती मिनिटं लागली. जगात साठ मिनिटांच्या आत हे काम करण्याचा दंडक आहे. आपला आकडा कितीही लाजिरवाणा असला तरी तो आम्हाला कळू द्या.

माझ्या हातात जे आहे ते मी सुरू केलं आहे. माझ्या चारही वर्गांना मी शिकवलं आहे : तोंड वाकडं झालं, हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, यांतलं एकही अचानक दिसलं तर घड्याळ बघायचं, वेळ लिहून ठेवायची, १०८ लावायचा, तोंडात गोळी नाही, पाणी नाही. मागच्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीने आजीचं तोंड वाकडं झालेलं पाहून वेळ पाटीवर लिहिली. आजी आज काठीशिवाय चालते. त्या घराला योग्य रुग्णालय माहीत होतं, कारण मुलीने ते मला आधीच विचारून ठेवलं होतं.

अधिवेशनाच्या काळात हे पत्र द्यायला मी स्वतः येणार आहे. यजमानही व्हीलचेअरवर सोबत असतील. त्यांना बोलता येत नाही, पण तुमचं बोलणं कळतं. मला एकाच प्रश्नाचं उत्तर लेखी हवं आहे : येत्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नंदनवनात एखाद्याच्या हातातून ब्रश गळून पडला, तर १०८ त्याला कुठे नेईल?

आपली,
एक गणित शिक्षिका
नंदनवन, नागपूर